मसुदा एआयचा, सही तुमची

या वेळची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत. एआय हाताशी आलंय, ते ऑफिसात आणि शाळेत वापरायचं कसं? एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. कुठलं ॲप चांगलं, या प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही, कारण अंक हातात पडेपर्यंत ते बदललेलं असेल.

प्रश्न : पतसंस्थेत थकबाकीदारांना नोटिसा काढाव्या लागतात. मी सभासदांची एक्सेल यादी चॅटजीपीटीत टाकतो आणि मसुदे करून घेतो. तासाभरात काम उरकतं. आता मॅनेजर म्हणतात, बंद करा. खरंच धोका आहे की उगीच भीती?
*(वसुली लिपिक, जि. सांगली)*

उत्तर : मॅनेजरांचं बरोबर आहे. मात्र बंद करायचं ते यादी टाकणं. मसुदा खुशाल करून घ्या.

यादीत नाव, पत्ता, मोबाइल, आधार, कर्जाची रक्कम आणि थकलेले हप्ते असतात. सभासदाने हे सगळं कर्जाच्या कामासाठी संस्थेला दिलंय, तिसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जायला नव्हे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामापुरती ती वापरायची, हा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा आहे. चॅटजीपीटीच्या सेटिंग्जमध्ये ‘डेटा कंट्रोल्स’खाली, तुमचं संभाषण मॉडेल सुधारायला वापरू द्यायचं की नाही, याचं बटण आहे. ते बंद करावंच. पण बंद केल्यावरही माहिती सर्व्हरवर जातेच, फक्त पुढच्या प्रशिक्षणात वापरली जात नाही. ‘टेम्पररी चॅट’सुद्धा ३० दिवसांपर्यंत साठवलं जाऊ शकतं.

खरी गंमत अशी की नोटिशीच्या मसुद्याला यादी लागतच नाही. तीनशे नोटिशींत बदलणाऱ्या जागा पाच-सहाच असतात. एआयला सांगा, ‘थकबाकीच्या नोटिशीचा एक नमुना दे, नाव, खाते क्रमांक, थकीत रक्कम आणि मुदत यांच्या जागा रिकाम्या ठेव.’ तो नमुना वर्डमध्ये घ्या. ‘मेलिंग्ज’मध्ये जाऊन ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’मधून आपली एक्सेल फाइल जोडा, रिकाम्या जागी ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’ने रकाने बसवा आणि ‘प्रिव्ह्यू’ पाहून छापा. नावं-रकमा तुमच्याच संगणकावर राहतात.

इथे दोन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. एक्सेलमधला १,२५,०००.५० हा आकडा वर्डमध्ये येताना स्वल्पविराम गमावतो, कधी दशांशाची लांबलचक शेपटीही लावून येतो. तारखेत महिना आधी आणि दिवस नंतर येतो, म्हणजे ५ मार्चची मुदत ३ मे वाटते. दोन्हींवर उपाय एकच. एक्सेलमध्येच शेजारी नवा रकाना करा, ‘टेक्स्ट’ फंक्शनने रक्कम आणि तारीख हवी तशी मजकूर (टेक्स्ट) स्वरूपात आणा आणि मर्जला तोच रकाना द्या.

कायद्याची कलमं मात्र एआयच्या भरवशावर सोडू नका. त्याच्यापुढे बँकांच्या नोटिशी भरपूर आलेल्या असतात, त्यामुळे पतसंस्थेच्या मसुद्यात ते बँकांच्या कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याचं कलम १३(२) घुसवू शकतं. पतसंस्था ही बँक नव्हे. तिची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ च्या वाटेने जाते. चुकीचं कलम असलेली नोटीस थकबाकीदाराच्या वकिलाला आयतीच सापडते. नमुना एकदा संस्थेच्या वकिलांना दाखवून कायम करून टाका.

एखादं खरं प्रकरण समजून घ्यायचंच असेल, तर नावाऐवजी ‘सभासद १’ लिहा आणि नको ते रकाने काढून टाका. लपवलेला रकाना फाइलबरोबर जातोच. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तरी खालची अक्षरं बऱ्याचदा तशीच असतात. पट्टीवरून माउस फिरवून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा, कळेल.

प्रश्न : दहावीतल्या एका मुलीने फारच नीटनेटका निबंध आणला. एआय ओळखणाऱ्या वेबसाइटने ‘८७ टक्के एआय’ दाखवलं. मुलगी म्हणते, मीच लिहिला. कोणावर विश्वास ठेवू?
*(मराठीच्या शिक्षिका, नाशिक)*

उत्तर : वेबसाइटवर तर नकोच. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखयंत्र काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के पकडला गेला आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर उगाच ठपका बसला. जुलैमध्ये त्यांनी ते गुंडाळलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध सात ओळखयंत्रांतून काढले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध ‘एआयचे’ ठरले.

ही यंत्रं पुढचा शब्द किती अपेक्षित आहे हे मोजतात. मोजक्या शब्दांत, ठरलेल्या वळणाने लिहिणारा माणूस त्यांना यंत्र वाटतो. आता आपला शालेय निबंध आठवा. ‘पूर्वेला तांबडं फुटलं होतं, पक्ष्यांचा किलबिलाट सुरू होता’ या वळणाचे शेकडो निबंध गाइडमधून वर्षानुवर्षं उतरवले जातात. असल्या निबंधाला यंत्राने यंत्राचा म्हटलं, तर त्यात यंत्राची चूक किती आणि गाइडची किती?

त्यापेक्षा दहा मिनिटं मुलीशी एकटीशी बोला. वर्गासमोर नको. निबंधातले दोन-तीन अवघड शब्द दाखवा आणि ते तिला दुसऱ्या वाक्यात वापरायला सांगा. तिसरा परिच्छेद दुसऱ्याच्या आधी का आणला नाही, ते विचारा. मग जवळच्याच विषयावर समोर बसून आठ ओळी लिहून घ्या. तुलना करताना शैलीकडे बघू नका, घाईत ती कोणाचीही उतरते. ऱ्हस्व-दीर्घाच्या नेहमीच्या चुका बघा. वहीत कायम ‘आणी’ लिहिणारी मुलगी निबंधात एकदाही चुकत नसेल, तर विचारायला जागा आहे. तेव्हाही ‘चोरलास का’ असं न विचारता ‘कसा केलास, दाखव’ म्हणा. मुलं सांगतात.

पुढच्या वेळी मात्र प्रश्नच बदला. जलसुरक्षेच्या प्रकल्पाला ‘पाण्याचे महत्त्व’ हा विषय दिलात, तर एआय अर्ध्या मिनिटात तीन पानं लिहून देईल आणि ती सगळ्या वर्गाची सारखीच असतील. ‘घराजवळच्या विहिरीची पातळी सलग चार रविवार मोज’ असं द्या. सोबत मोठं माणूस हवं, कठड्यावर वाकायचं नाही. दोरीला दगड बांधून सोडायचा, पाण्याला टेकला की कठड्याशी दोरीवर खूण करायची, टेपने लांबी मोजायची आणि कठड्याची उंची वजा करायची. मोजमाप सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी व्हावं, नाहीतर उपशामुळे उतरलेली पातळी मोजली जाते आणि चार आठवड्यांची तुलना फसते. दहा गुण असतील तर चार मोजमापाच्या वहीला, तीन तोंडी प्रश्नांना, तीन लेखनाला. लेखनात एआय चालेल असं उघड सांगा, फक्त त्याला काय विचारलं ते शेवटच्या पानावर लिहून हवं. लपवण्याचं कारणच उरत नाही.

प्रश्न : आठवीतला मुलगा गणिताचा फोटो काढतो आणि उत्तर उतरवतो. गृहपाठ शंभर टक्के बरोबर, चाचणीत निम्मे गुण. मोबाइल काढून घेऊ का?
*(पालक, कल्याण)*

उत्तर : तुम्ही जे लिहिलंय ते मोठ्या प्रमाणावर तपासून झालंय. तुर्कस्तानात माध्यमिक शाळेतल्या सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावाला साधा चॅटबॉट दिला. सरावातले त्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाला उत्तर न देता फक्त सूचना देणारा चॅटबॉट दिला होता. त्या गटाचं असं नुकसान दिसलं नाही. म्हणजे काढून घ्यायची ती फोटो काढायची सवय.

चॅटजीपीटीच्या अटींनुसार १३ वर्षांखालच्या मुलांना ते वापरता येत नाही आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. म्हणून आठवीतल्या मुलाचं वय आधी बघा. खातं उघडायचं तर तुमच्यासमोर उघडू द्या.

आधी वहीत स्वतः प्रयत्न, निदान पंधरा मिनिटं. मग फोटो न काढता स्वतःची आकडेमोड टाइप करायची. समजा, दहा हजार रुपयांवर दरसाल ८ टक्क्यांनी दोन वर्षांचं चक्रवाढ व्याज काढायचंय आणि त्याचं उत्तर १,६०० आलं. त्याने लिहावं, ‘माझं उत्तर १,६०० आलं. बरोबर उत्तर सांगू नकोस. मी कुठल्या पायरीवर चुकलो ते मला शोधता येईल असा एकच प्रश्न विचार.’ चांगलं ॲप विचारेल, ‘दुसऱ्या वर्षी व्याज किती रकमेवर धरलंस?’ तिथे मुलगा थबकतो. दुसऱ्या वर्षाचं मुद्दल १०,८०० धरायला हवं होतं, म्हणजे त्या वर्षाचं व्याज ८६४ आणि एकूण १,६६४. ते थबकणं म्हणजेच शिकणं, आणि फोटो काढला की तेच हुकतं.

दुसऱ्या दिवशी आकडे बदलून तेच गणित मोबाइलशिवाय करायला द्या. सुटलं तर आलं.

प्रश्न : प्रबंधासाठी एआयने दिलेले आठ संदर्भ मार्गदर्शकांनी शोधले. तीन सापडलेच नाहीत. मी एआयला विचारलं तर ते म्हणालं, ‘हे खरे आहेत.’ आता?
*(संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)*

उत्तर : त्यालाच विचारणं ही नेमकी न्यूयॉर्कच्या वकिलांची चूक. २०२३ मध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल कोर्टात दिले. त्याआधी त्यालाच ‘खरे आहेत ना?’ असं विचारलं होतं आणि ते ‘हो’ म्हणालं होतं. कोर्टाने ५,००० डॉलरचा दंड केला. हे फार लांबचंही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते.

हे मॉडेल कपाटातून पुस्तक काढून देत नाही, ओळ जुळवतं. त्या विषयात लिहिणारं खरं आडनाव, शोभेलसं शीर्षक, खरं नियतकालिक आणि पटेल असं साल यांची जोडणी होते. तुकडे खरे असतात, म्हणूनच फसगत होते. ‘तपासून सांग’ म्हटलं तरी तपासणी तशाच जुळवाजुळवीने होते. इंटरनेटवर शोध घेणारी आवृत्ती बरी, तरी तिथेही दुवा खरा आणि त्या पानावर तो मुद्दाच नाही, असं घडतं.

आठही संदर्भ नव्याने तपासा, सापडलेले पाचसुद्धा. लेखाला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाका आणि उघडलेला लेख तोच आहे का बघा. क्रमांक खरा आणि लेख भलताच, असं होऊ शकतं. क्रमांक नसेल तर नियतकालिकाच्या संकेतस्थळावर त्या अंकाची अनुक्रमणिका. भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा हा ऑनलाइन संग्रह. जुन्या मराठी पुस्तकांना एवढं पुरत नाही. एआय तिथे पहिल्या आवृत्तीचं साल आणि नंतरच्या आवृत्तीचा पृष्ठक्रमांक एकत्र करून देतं, म्हणून ग्रंथालयात प्रत हातात घ्यावी लागते. शेवटी ते पान उघडून तुमचं वाक्य तिथे आहे का, ते वाचा. जे पान तुम्ही उघडलेलं नाही ते संदर्भसूचीत नको, मग ते एआयने सांगितलेलं असो की मित्राने.

एआय वापरल्याच्या नोंदीचा विद्यापीठाचा नमुना नसेल तर ऋणनिर्देशाखाली एवढं पुरे होईल : ‘प्रकरण २ मधील इंग्रजी लेखांचे प्राथमिक सारांश आणि संपूर्ण प्रबंधाची शुद्धलेखन तपासणी यांसाठी अमुक साधन अमुक महिन्यात वापरले. सर्व संदर्भ मूळ स्रोतावरून पडताळले आहेत.’ दुसरं वाक्य खरं असेल तरच लिहा. आणि मार्गदर्शकांना आत्ताच सांगा.

प्रश्न : नगरपरिषदेत इंग्रजी परिपत्रकांचं मराठी एआयकडून करून घेतो. साहेब म्हणतात, ‘अक्षरं मराठी, भाषा नाही.’ नक्की काय बिघडतं?
*(अनुवादाचं काम पाहणारे वाचक, जि. सातारा)*

उत्तर : आधी एक विचारून घ्या. ऑफिसच्या संगणकावर हे चालतं का? केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकावर असली साधनं वापरू नका, असं कळवलं होतं. तुमच्याकडे काय आदेश आहे ते आस्थापना विभागाकडून लेखी घ्या. चालत असेल तरी फक्त जाहीर झालेली परिपत्रकं द्या.

आता साहेबांचं दुखणं. हे वाक्य बघा : ‘या योजनेबाबत नागरिकांना काही आपत्ती असल्यास ७ दिवसांत लेखी कळवावे.’ व्याकरण चोख. पण हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, मराठीत आपत्ती म्हणजे पूर किंवा भूकंप. देवनागरीत हिंदी मजकूर मराठीच्या कैक पट आहे, त्यामुळे एआयच्या मराठीत हिंदी झिरपते आणि दोन्हींकडे सारखे दिसणारे शब्द नजरेतून निसटतात. ‘शिक्षा धोरण’ म्हणजे आपल्याकडे दंड देण्याचं धोरण. ‘अधिकारी व्यस्त आहेत’ असं लिहिलं की आठवीतल्या मुलाला व्यस्त प्रमाण आठवतं. ‘चेष्टा’ म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे टिंगल. ‘राजीनामा’ तर तिकडे दोन्ही पक्षांची संमती आणि इकडे नोकरीला रामराम.

पदनामांतही तसंच. तुमच्या नगरपरिषदेत ‘मुख्याधिकारी’ असतात, एआय ‘मुख्य अधिकारी’ लिहून मोकळं होतं. भाषा संचालनालयाच्या पदनाम कोशातून तुमच्या खात्याची वीस-पंचवीस पदं आणि वरच्यासारखे पंधरा-वीस शब्द एका कागदावर काढा. दर वेळी मजकुराआधी ती यादी चिकटवा आणि ‘हेच शब्द वापर’ असं सांगा. सोबत तुमच्याच कार्यालयाची चांगल्या मराठीतली दोन जाहीर पत्रं नमुन्याला द्या. ‘सोप्या मराठीत लिही’ या सूचनेपेक्षा नमुना फार जास्त काम करतो.

तपासताना आधी आकडे मोजा. इंग्रजीत ११ असतील तर मराठीतही ११ हवेत. १.२५ मिलियनचे साडेबारा लाख झालेत ना, बघा. मग मुदतीची वाक्यं. ‘१५ दिवसांच्या आत’चं ‘१५ दिवसांनंतर’ झालं, तर सगळा कारभारच उलटा होतो. इंग्रजीतल्या नकारार्थी वाक्यांवर पेन्सिलने खूण करून ती एकेक करून मराठीशी ताडून बघा. कंटाळवाणं आहे खरं, पण दोन पानांना दहा मिनिटं लागतात.

प्रश्न : सोसायटीच्या सभेचं रेकॉर्डिंग एआयला देऊन इतिवृत्त करावं का?
*(सचिव, गृहनिर्माण संस्था, पुणे)*

उत्तर : सभा सुरू होताना सगळ्यांना सांगून आणि कोणाची हरकत नसेल तर. सारांश करताना एआय ‘सुचवलं’चं ‘ठरलं’ करून टाकतं. ‘लिफ्ट बदलावी असं काही जणांचं म्हणणं पडलं’ याचं ‘लिफ्ट बदलण्याचे ठरले’ होतं आणि पुढच्या सभेत भांडण. चार जण एकदम बोलले की कोणाचं वाक्य कोणाच्या नावावर जाईल, याचाही नेम नाही. म्हणून प्रत्येक ठरावाचे शब्द, सूचक, अनुमोदक आणि बाजूची-विरोधातली मतं सभेतच हाताने वहीत लिहा आणि वाचून दाखवा. चर्चेचा गोषवारा एआयकडून घ्या, ठराव मात्र वहीतून उतरवा. इतिवृत्त मंजूर झालं की रेकॉर्डिंग मोबाइलमधून आणि ॲपमधूनही काढून टाका.